साडेतीन वर्षांची मुलगी, केजीचा तिसरा आठवडा आणि गेटवरचं रडणं

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी साडेतीन वर्षांची, केजी सुरू होऊन तिसरा आठवडा, पहिला आठवडा नाचत गेली आणि दुसऱ्यापासून गेटवर धाय मोकलून रडतेय, रात्री झोपताना "उद्या शाळा आहे का" विचारते, वर्षभर कोरडी राहणारी मुलगी दोन-तीनदा कपडे ओले करून आली, घरात पाच महिन्यांचा भाऊ, टीचर म्हणतात दहा मिनिटांत गप्प होते, मिस्टर म्हणतात न सांगता सटकायचं म्हणजे रडणारच नाही, आणि तुमच्या मनात चाललंय की एक वर्ष थांबवावं का. आधी उत्तर देते, कारणं नंतर: आत्ता शाळेतून काढू नका, आणि सटकू तर अजिबात नका.

मी केजीच्या वर्गात बरीच वर्षं काढलीत आणि आता नवीन टीचर्सना ट्रेनिंग देते, त्यामुळे जे लिहितेय ते वर्गाच्या आतल्या बाजूने लिहितेय, गेट बंद झाल्यावर काय होतं ते तुम्हाला दिसत नाही आणि आम्हाला रोज दिसतं.

पहिला आठवडा मस्त आणि दुसऱ्यात रडारड हे इतकं कॉमन आहे की नवीन टीचरला आम्ही आधीच बजावून ठेवतो, पहिल्या आठवड्यात हसत आलेलं मूल रुळलं असं धरून चालू नका. सुरुवातीला सगळं नवीन असतं, नवी बॅग, नवी खेळणी, घरी सगळ्यांचं कौतुक, फोटो. मुलाला वाटतं आपण कुठेतरी मजेला जाऊन आलो, झालं, संपलं. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडतो की अरे हे संपणारं प्रकरण नाहीये, हे रोजचं आहे आणि रोज आई जाणार आहे. म्हणजे तुमच्या मुलीला शाळा नावडती झाली असं नाही, शाळा म्हणजे काय हे तिला आत्ता कुठे कळलं.

आणि तुमच्याकडे यात अजून एक गोष्ट आहे जी तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत लिहिलीय पण माझ्या मते ती सगळ्यात वर हवी होती, ती म्हणजे घरातलं बाळ. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या बाजूने बघा, पाच महिन्यांपूर्वी एक जण आला, तो आईच्या मांडीवर बसला, आणि आता मला बाहेर पाठवतायत आणि तो घरीच राहतोय, तोही आईजवळ. अशा मुलांचं अर्धं रडणं शाळेसाठी नसतंच, मागे घरी काय चाललं असेल त्यासाठी असतं. त्यामुळे सोडायला जाताना बाळ कडेवर असेल आणि दुसरी काही सोय होऊ शकत असेल तर काही दिवस बाळाला घरी कोणापाशी तरी ठेवा, किंवा मिस्टरांना सोडायला जाऊ द्या. आणि ती परत आल्यावर "आज ना बाळाने काय गंमत केली" हे पुराण तिच्यासमोर नको. उलट सांगा की तू नव्हतीस तेव्हा मी धुणं वाळत घातलं, बाळ झोपलं होतं, काहीच मज्जा नव्हती. घर तिच्याशिवाय कंटाळवाणं असतं ही बातमी तिला फार आवडेल, बघा.

आता रडण्याकडे येते. आई-बाबा सगळ्यात मोठी गफलत इथे करतात की रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं आणि रडतंय म्हणजे रुळलं नाही असा सरळ हिशोब लावतात. तसं नसतं. जर्मनीत लहान मुलांना पाळणाघरात किंवा किंडरगार्टनमध्ये रुळवण्याची एक पद्धत आहे, बर्लिन मॉडेल म्हणतात तिला, १९८०च्या दशकात तयार झाली. त्यात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गातच थोडा वेळ बसतात, सोडून जाण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन बाहेर जातात, तेही जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तेव्हा मूल कसं वागतं त्यावरून पुढचं ठरतं. पण मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे मूल रुळलं हे ते कशावरून ठरवतात. रडायचं बंद झालं यावरून नाही. रडलं तरी चालेल, पण रडताना तिथल्या बाईंनी जवळ घेतलं तर ते शांत होतं का, यावरून. जे मूल टीचरच्या कडेवर जाऊन मुसमुसत का होईना पण शांत होतं, त्याला तिथे स्वतःचं माणूस सापडलं. बाकी सगळं त्यानंतर आपोआप येतं.

म्हणून टीचरना "किती वेळ रडली" एवढंच विचारून थांबू नका. विचारा की कशी गप्प झाली. कोणी जवळ घेतल्यावर गप्प झाली, का दमून गप्प झाली, का कोपऱ्यात बॅग छातीशी धरून एकटीच बसली आणि गप्प झाली. या तिन्हींत "दहा मिनिटांत गप्प झाली" हे वाक्य खरंच असतं, पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. मग विचारा, गप्प झाल्यावर खेळली का, डबा खाल्ला का, कोणाशी बोलली का. खेळतेय आणि खातेय तर सकाळच्या दहा मिनिटांचं टेन्शन घेऊ नका, ते रडणं म्हणजे "तू जातेस ते मला आवडलेलं नाही" एवढंच म्हणणं असतं, आणि ते म्हणायचा तिला हक्क आहे की.

आणि न रडणाऱ्या मुलांविषयी पण सांगून टाकते, कारण शेजारचं मूल टाटा करून आत पळतं ते बघून आयांना फार वाईट वाटतं. वर्षा-दीड वर्षाच्या बाळांवर आई खोलीतून बाहेर जाते आणि परत येते असा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंचा. त्यात काही बाळं आई गेली तरी ढिम्म, खेळण्यात गुंग असल्यासारखी. पुढे दुसऱ्या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते चांगलेच वाढलेले निघाले. म्हणजे आत सगळं चालू, बाहेर काही नाही. याचा अर्थ प्रत्येक न रडणारं मूल आतून दुःखी असतं असा नाही हं, बरीचशी खरंच मजेत असतात, पण तुमची रडते म्हणून तिच्यात काही कमी आहे असं डोक्यातून काढून टाका.

आता सटकण्याचा विषय. मिस्टरांचं चुकीचं का आहे ते त्यांना नीट सांगा, कारण वरवर बघता त्यांची आयडिया बरोबर वाटते, मूल खेळण्यात रमलं की हळूच निघायचं, गेटवर शांतता, सगळे खूश. पण पाच मिनिटांनी मूल मान वळवतं आणि आई नाही. रडणं टळलेलं नसतं, फक्त तुम्हाला दिसत नाही, ते आमच्या वाट्याला येतं, आणि ते वेगळं असतं, जास्त घाबरलेलं असतं. आणि त्याहून वाईट दुसऱ्या दिवशी होतं. त्या मुलाने धडा काय घेतला, तर खेळण्यात लक्ष गेलं की आई गायब होते. मग ते खेळतच नाही. एक डोळा दारावर ठेवून बसतं. घरीसुद्धा तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराबाहेर उभं राहून हाका मारतं. ज्या मुलांना असं फसवून सोडलेलं असतं ना, ती मुलं आम्हाला वर्गात ओळखू येतात, ती दाराकडे तोंड करून बसतात.

तर निरोप घ्यायचा, खरा घ्यायचा आणि छोटा घ्यायचा. रोज तोच. तुमचं तुम्ही काहीतरी ठरवा, एक मिठी, एक पापी, एक ठरलेलं वाक्य, बस. वाक्यात दोन गोष्टी हव्यात, मी जातेय आणि मी अमुक झाल्यावर येणार. अमुक म्हणजे घड्याळातली वेळ नाही, साडेतीन वर्षांच्या मुलीला चार तास म्हणजे काय आणि चार दिवस म्हणजे काय काही कळत नाही, तिला क्रम कळतो. "डबा, मग गोष्ट, मग गाणं, आणि गाणं झालं की मी गेटपाशी." वर्गाचा क्रम टीचरना विचारून घ्या म्हणजे तुमचं वाक्य खरं निघेल. आणि गाणं झाल्यावर तुम्ही खरंच गेटपाशी असायला पाहिजे, हे पहिले काही आठवडे तरी अगदी काटेकोर पाळा, वेळेच्या जरा आधीच पोचा, कारण बाकीची मुलं एकेक करून जातात आणि आपलं कोणी येत नाही ही पाच मिनिटं मुलाला फार मोठी असतात आणि दिवसभरात कमावलेलं सगळं त्यात जातं.

एक प्रश्न मात्र मुलाला कधी विचारू नका, "मी जाऊ का?" हा प्रश्न गेटवर रोज ऐकते मी. प्रेमापोटीच विचारतात सगळ्या, पण मूल "नको" म्हणालं तर तुम्ही थांबणार आहात का? नाही ना, मग विचारलंत कशाला. "मी आता जाते" हे सांगायचं असतं. तसंच "रडायचं नाही हं", "शहाणी ना तू", "बघ ती बघ कशी रडत नाही", "रडलीस तर मी येणारच नाही" हे सगळं बंद. शेवटचं तर फारच भयंकर आहे, तिला नेमकी तीच भीती असते आणि आपण तिला सांगतो की हो, खरी आहे तुझी भीती. त्याऐवजी सरळ म्हणा, तुला वाईट वाटतंय, मला माहितीये, टीचर जवळ घेतील, गाणं झालं की मी येते. आणि निघा.

निघा म्हणजे निघा. मागे वळून तीनदा बघणं, खिडकीतून डोकावणं, रडण्याचा आवाज आला म्हणून परत येऊन अजून एक मिठी मारणं, याने काय होतं तर जे दहा मिनिटांत संपलं असतं ते पंचवीस मिनिटं चालतं, कारण मुलाला समजतं की जोरात रडलं की आई परत येते, आणि मग का नाही रडणार? तुम्हाला रडू येत असेल तर येऊ द्या पण कोपऱ्यावर वळल्यावर. मुलं आपला चेहरा वाचतात. आईच काळजीत दिसली तर त्यांना वाटतं इथे काळजी करण्यासारखं काहीतरी असणार. काही घरांत बाबांनी सोडलं की रडणं निम्मं होतं, याचा अर्थ बाबा जास्त चांगले असा नाही, आईपासून वेगळं होणं घराच्या दारातच होऊन गेलेलं असतं आणि तिथे ते सोपं जातं एवढंच. चालत असेल तर काही दिवस तसं करा, लाजण्यासारखं काही नाही त्यात.

आणि निरोप हा कुठल्यातरी माणसाच्या हातात द्यायचा असतो, नुसतं गेटमधून आत ढकलायचं नाही. ही गोष्ट शाळेशी बोलायची आहे. जाऊन नीट सांगा की काही दिवस एकच टीचर किंवा एकच मदतनीस मावशी तिला दारात घ्यायला येऊ शकतील का, रोज तोच चेहरा. चांगली शाळा याला नाही म्हणत नाही. त्याच वेळी त्यांना तुमच्या मुलीची माहिती द्या, म्हणजे तिला काय शिकवलंय ते नाही, ती कशाने शांत होते ते. तिला पाठ थोपटलेली आवडते का नाही आवडत, घरी तिला कुठल्या नावाने हाक मारता, शू-शीला ती कोणता शब्द वापरते (हे फार महत्त्वाचं आहे, बरीच मुलं घरातला खास शब्द टीचरला कळला नाही म्हणून कपडे ओले करतात), कशाला घाबरते. आल्याआल्या करायला तिला एखादं छोटं काम मिळालं तर अजून उत्तम, खडूंचा डबा टेबलावर ठेवायचा, रोपट्याला पाणी घालायचं, असलं काही. हातात काम असलेलं मूल वर्गात शिरतं, रिकाम्या हाताचं मूल दारात उभं राहतं.

घरातली एखादी वस्तू नेऊ देतात का तेही विचारा. रुमाल, छोटी बाहुली, तुमच्या ओढणीचा तुकडा. काही शाळा नाही म्हणतात, हरवतं, भांडणं होतात, त्यांचंही बरोबर आहे, मग बॅगेच्या आतल्या कप्प्यात तुमचा फोटो ठेवा. विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचार करणारे डॉक्टर होते, त्यांनी १९५०च्या सुमारास हेच मांडलं की मूल अशी एखादी वस्तू धरून आईपासून लांब जायला शिकतं, त्यामुळे "एवढी मोठी झालीस आणि बाहुली काय" म्हणून ती काढून घेऊ नका, तिचं काम झालं की ती स्वतःच टाकून देईल.

कपडे ओले होण्याबद्दल. कोरडी राहणारी मुलं शाळा सुरू झाल्यावर किंवा घरात बाळ आल्यावर मागे जातात, आणि तुमच्याकडे दोन्ही एकदमच झालंय, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. पण कारण शोधा, कारण बऱ्याचदा ते एकदम साधं निघतं. टॉयलेटचं दार जड आहे. फ्लशचा आवाज मोठा आहे. आत अंधार आहे. सीट उंच आहे आणि पाय लोंबकळतात. पँटचं बटण तिला एकटीला निघत नाही. टीचरला विचारायची भीती वाटते. अशी मुलं मग तासन् तास धरून ठेवतात, मुद्दाम पाणीच पीत नाहीत, आणि घरी येईपर्यंत दम निघत नाही. एकदा शाळा सुटल्यावर टीचरच्या परवानगीने तिला घेऊन ते टॉयलेट बघून या, तिलाच फ्लश करू द्या, आणि इलॅस्टिकची पँट घाला, बटण-बेल्ट सगळं काही महिने बंद. बॅगेत जास्तीचे कपडे ठेवा आणि तिला सांगून ठेवा की झालंच तर हे आहेत, टीचर रागावणार नाहीत. रागावणं, लाजवणं, बाळाचं डायपर दाखवून चिडवणं याने हमखास वाढतं. शी पण धरून ठेवतेय का तेवढं बघा, कारण बद्धकोष्ठ झालं की त्याच्या दाबानेसुद्धा शू सुटते आणि आपण उगाच मनाचं कारण शोधत बसतो. शू करताना दुखतंय, ताप आहे, सारखी तहान लागतेय, तर मग शाळेचं निमित्त समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

रात्रीच्या "उद्या शाळा आहे का" ला उत्तर एकच, असेल तर "हो, आहे". "बघू उद्या" म्हणून टाळलंत तर ती रात्रभर बघत बसेल. पुढे दोन मिनिटं बोला, उद्या कोण घेऊन जाणार, कोण आणायला येणार, आल्यावर आपण काय करणार, आणि विषय बंद, कारण झोपायची वेळ ही शाळेवर चर्चा करायची नाही. कागदावर तीन-चार चित्रं काढून भिंतीला लावलीत, उठणं, शाळा, आई गेटपाशी, घर, तर तीच स्वतः बोट ठेवून वाचून दाखवेल. चित्रं वाकडीतिकडी काढलीत तरी चालतात, मुलांना काही फरक पडत नाही.

दुपारचं तुम्ही काही लिहिलं नाहीत पण मी पैज लावते की घरी आल्यावर ती क्षुल्लक कारणावरून फुटत असेल, चमचा वेगळा दिला, चप्पल तुम्ही काढलीत, आणि अर्धा तास तमाशा. टीचर म्हणतात वर्गात शहाण्यासारखी असते आणि घरी हे, म्हणून आईला वाटतं आपलंच काही चुकतंय. अहो, दिवसभर नव्या माणसांत, नव्या नियमांत, स्वतःला आवरून धरलेलं असतं तिने, ते कुठेतरी सुटणारच आणि ते तुमच्याजवळ सुटतं कारण तुमच्याजवळ सुटलं तरी चालतं हे तिला ठाऊक आहे. लहान मुलांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, घरी असताना सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतरत जातं पण दिवसभर मुलांच्या गटात असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये ते दुपारी उतरायच्या ऐवजी चढलेलं दिसलंय. म्हणजे नाटक नाही ते. आल्याआल्या आधी खायला-प्यायला द्या, मग पंधरा-वीस मिनिटं फक्त तिची, बाळ दुसऱ्या कोणाकडे, फोन लांब, ती म्हणेल तो खेळ. "आज काय केलंस, काय शिकवलं, डबा कोणाबरोबर खाल्लास" ही उलटतपासणी नको, उत्तर "माहीत नाही" येणार आणि तुम्ही अजून काळजीत पडणार. त्यापेक्षा शाळा-शाळा खेळा आणि तिला टीचर होऊ द्या. बाहुल्यांना ती काय ओरडते, कोणाला जवळ घेते, कोणाला कोपऱ्यात बसवते ते बघत राहा, तुम्हाला हवी ती सगळी माहिती तिथे मिळते.

झोप बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. शाळेमुळे लवकर उठायला लागली आणि रात्री झोपायची वेळ तीच राहिली तर रोज तासभर कमी पडतो, आणि सकाळी गेटवर जे दिसतं त्यातलं बरंचसं त्या तासाचं असतं. शाळेत जाऊ लागल्यामुळे दुपारची झोप मोडली असेल तर रात्री खुशाल लवकर झोपवा, अगदी लाज वाटेल इतक्या लवकर. आणि हे काही आठवडे घरात दुसरा कुठलाही बदल नको, तिचा पलंग वेगळा करायचा, दुधाची बाटली सोडवायची, सगळं नंतर.

अजून एक, आजारपण. या वयाच्या मुलांना वर्षात ६ ते ८ वेळा सर्दी-खोकला होणं नॉर्मल धरतात, आणि पहिल्यांदाच मुलांच्या घोळक्यात गेलेल्यांना त्याहून जास्तही होतो. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत तुमचे खाडे होणार आणि दर खाड्यानंतर, दर सुट्टीनंतर पहिला दिवस परत रडका जाणार. तेव्हा "सगळं मुसळ केरात" असं वाटून घेऊ नका, दुसऱ्यांदा रुळायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

ज्यांची मुलं अजून जायची आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण अशाही आया हे वाचतील. अक्षरं-आकडे शिकवत बसू नका, ते आमचं काम आहे. मुलाला स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली उघडता येऊ दे, चप्पल घालता येऊ दे, नाक पुसता येऊ दे, आणि "मला मदत पाहिजे" हे अनोळखी मोठ्या माणसाला म्हणता येऊ दे. आधी दुसऱ्या कोणापाशी तास-दोन तास राहायची सवय लावा, शाळा रिकामी असताना एकदा बघून या. आणि "थांब, शाळेत घालते म्हणजे टीचर सरळ करतील तुला" हा बागुलबुवा घरातल्या कोणालाही दाखवू देऊ नका, मग त्याच टीचरच्या हातात मूल द्यायचं असतं हो तुम्हाला.

आता वर्षभर थांबवण्याचा प्रश्न. कधीकधी तो निर्णय बरोबर असतो, पण रडण्याच्या भरात घ्यायचा नसतो. तिसऱ्या आठवड्यात काढलंत तर तिच्या हाती एवढंच राहील की ती जागा खरंच वाईट होती, म्हणून तर आईने सोडवलं, आणि पुढच्या वर्षी तीच सुरुवात अजून जड जाईल. शक्य असेल तर शाळेला वेळ कमी करून मागा, दोन आठवडे अर्धा वेळ. पण एक दिवस पाठवायचं आणि एक दिवस घरी असं नको, त्याने लांबतं, रोज थोडा वेळ बरा.

मी काळजी करेन ते कधी, तर महिना उलटून गेला तरी रडणं तसूभर कमी नाही, वर्गात खात-पीत नाही, कोणालाच जवळ येऊ देत नाही, रोज सकाळी उलट्या किंवा पोटदुखी आणि सुट्टीच्या दिवशीही मूल कोमेजलेलं. किंवा घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेत एक शब्द बोलत नाही. यात पहिला महिना डॉक्टरसुद्धा धरत नाहीत, नव्या जागी गप्प राहणं साहजिक आहे, पण त्यापुढे चाललं तर मुलांच्या मानसतज्ज्ञांना दाखवा. शाळेची भाषा घरच्यापेक्षा वेगळी असेल तर मात्र अजून वेळ द्या, अशी मुलं आधी बरेच महिने नुसती ऐकतात. आणि मूल एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढल्यावर दचकत असेल, अंगावर कशाने झालं ते न सांगता येणारे वळ असतील, कपडे बदलताना एकदम घाबरत असेल, तर रुळणं-बिळणं बाजूला ठेवा, त्याच दिवशी चौकशी करा.

तसंच रडणाऱ्या मुलाला शाळा कशी वागवते तेही बघा. रडलं म्हणून वर्गाबाहेर उभं करणं, बाळ आहेस का म्हणून सगळ्यांसमोर चिडवणं, आई येणार नाही म्हणून धमकावणं, हे कुठे होत असेल तर तिथे तुमच्या मुलीने रुळावं अशी अपेक्षाच करू नका, दुसरी शाळा बघा, आणि यासाठी महिनाभर थांबायची पण गरज नाही. तुमच्या टीचर स्वतःहून रोज सांगतायत की इतक्या मिनिटांत गप्प झाली, म्हणजे त्या बघतायत, त्यामुळे माझं मत बऱ्यापैकी चांगलं आहे.

तर येत्या आठवड्यापासून एवढंच करा. शाळेशी बोलून दारात घेणारं एक माणूस ठरवून घ्या, निरोपाचं वाक्य ठरवा आणि मिस्टरांनाही तेच वाक्य पाठ करायला लावा, बाळ गेटवर नेऊ नका, टॉयलेट बघून या, रात्री लवकर झोपवा. आठवड्याच्या शेवटी टीचरना विचारा की रडली तेव्हा कोणाकडे गेली. "माझ्याकडे आली" असं म्हणाल्या तर अजून दोन-तीन आठवडे असंच चालू ठेवा, गेटवर रडली तरी. आणि कोणाकडेच जात नाही म्हणाल्या तर मला परत लिहा, वर्गात टीचर काय करतात ते जरा डिटेलमध्ये विचारून घेऊन, मग पुढचं बोलू.